नाताळचं रुखवत

रांझी, जबलपूर
२६ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

सौ. लिहिताना मी कुणाची परवानगी घेतलेली नाही. लग्न मंडपात झालं काय नि चर्चमध्ये झालं काय, झालं ते झालं. तुझा बाप फॅक्टरीत गेला की मी पाट ओढून लिहायला बसते. लोक तरुणपणी चोरून पत्रं लिहितात, मला ते सुख आत्ता मिळतं आहे, तेही भाचीला लिहिताना.

दिवाळी झाली. पहिली दिवाळी लेकीनं जावयासकट माहेरी करायची, ही आपल्याकडची रीत. श्रीपादला मी आठवण करून दिली. तो म्हणाला, "अक्का, त्या नावाची मुलगी मला नाही." आणि चकलीचा डबा पुढे ओढून खात बसला. ज्याला मुलगी नाही त्यानं त्याच मुलीच्या आवडीच्या चकल्या दोनदा मागून खाव्यात, याला काय म्हणावं ते तूच सांग. तू गेल्यापासून घरात तुझं नाव निघत नाही. तुझ्या आईच्या फोटोखालची तुझी शाळेतली बक्षिसं मात्र त्यानं हलवलेली नाहीत. मी मुद्दाम विचारलं, "हे कप ट्रंकेत टाकू का?" तर म्हणाला, "काहून? जागा अडून राहिली का तुझी?"

आता माझं दुखणं सांगते. तुझी आई गेल्यापासून मी तुझं रुखवत करून ठेवत आले. क्रोशाचे रुमाल, तोरण, पोपटांची जोडी, सप्तपदीची सात पावलं. या गावातल्या किती मुलींच्या लग्नात माझ्या हातचं रुखवत मांडलं गेलं. माझं काम सगळ्यांना चालतं, विधवा म्हणून मी मांडायला पुढे झालेली मात्र कुणाला चालत नाही. तुझं रुखवत मी स्वतः मांडणार होते. कोण नको म्हणतं तेच बघणार होते. तू थेट बिलासपूरला जाऊन लग्न लावलंस आणि माझं रुखवत ट्रंकेतच राहिलं. बापाचा राग धर्मावर आहे, माझा फक्त एवढ्यावर आहे.

समोरच्या क्वार्टरमधली ग्रेसी तुला आठवत असेल, फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स आहे ती केरळची. ती परवा सांगत होती की तुमच्या सणाला घरात एक झाड उभं करतात आणि त्याला लहान लहान वस्तू टांगतात. हातानं केलेल्या असल्या तर फारच चांगलं. मी तिला तीनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे रुखवतच ना? आपण टेबलावर मांडतो, तुम्ही झाडावर.

उत्तर ग्रेसीच्या पत्त्यावर टाक. तुझा बाप तुझी फार आठवण काढतो.

तुझी नर्मदाआत्या

रांझी
१४ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

कार्ड मिळालं. केवढं ते कार्ड! टपाल खात्याला कोऱ्या जागेचे पैसे भरलेस. पण त्यात बाळाची बातमी होती, म्हणून बाकी सगळं माफ. फाल्गुनात म्हणजे थंडी सरत आलेली असेल, बाळंतिणीला बरी हवा. डिंक, खोबरं, मेथी मी आत्तापासून बघून ठेवते.

पुढची ओळ वाचली आणि पाटावरच बसून राहिले. "बाबांनी स्वतःच्या हातानं लिहून बोलावलं तर बाळंतपणाला येईन. तुझ्या पत्रावर येणार नाही." शिवाय "आत्या, बाबा आठवण काढतात असं खोटं लिहू नकोस." अच्छा. एका कार्डात आत्याला खोटारडी ठरवलीस आणि बापाला अट घातलीस. कुणाची लेक आहेस ते कळलं.

अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ज्या दारातून "परत येऊ नकोस" म्हणून काढलं, त्या दारात आत्याच्या चिठ्ठीवर कशाला यायचं? पण पहिलं बाळंतपण आहे गं. जावईबापू पूर्वेच्या सरहद्दीवर तोफांपाशी, सासूबाईंची दवाखान्यातली नोकरी. दिवसभर तू एकटी. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आली नाही तर मी या क्वार्टरमध्ये कुणासाठी राहते आहे? मला तू इथे हवी आहेस. बाकी जगात काय व्हायचं ते होवो.

तेव्हा माझं काम ठरलं. श्रीपादच्या हातून एक पत्र काढायचं. तोवर हात रिकामे कशाला ठेवू, म्हणून नाताळच्या वस्तूंना सुरुवात केली आहे.

ग्रेसी माझी मास्तरीण. ती म्हणाली, चांदण्या कर. केल्या. पाच टोकांच्या, मधे बारीक जाळी. मग म्हणाली, घंटा कर. ती केली तर म्हणते, "आंटी, ये तो मंदिर का घंटा हो गया." मी म्हटलं, घंटा ती घंटा, देवाला ऐकू आल्याशी कारण. मग म्हणाली, बर्फाची फुलं, सहा पाकळ्यांची. बर्फ मी गोळेवाल्याच्या गाडीवर बघितला आहे, त्याला पाकळ्या कधी दिसल्या नाहीत. पण क्रोशाची साखळी आणि खांब ज्याच्या हाताला बसले आहेत त्याला सहा पाकळ्या काय कठीण. शेवटी ती म्हणाली, पंखवाली परी. परीचा चेहरा कसा असतो कुणास ठाऊक, मी आपली एक देखणी बाई केली आणि तिला एक मणी ओवून नथ घातली. ग्रेसी हसून हसून खाली बसली. पण "मत निकालो" म्हणाली. मीही काढणार नव्हते.

जपून राहा. वजन उचलू नकोस. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

आत्या

रांझी
२९ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

लिफाफ्यावर आता निर्वासितांसाठीचं जादा तिकीट लावावं लागतं, तेव्हा या तिकिटात मोठं पत्र लिहून वसूल करते.

तू विचारलंस, हिंदू बाईनं असल्या वस्तू केल्या तर चालतं का, लोक काय म्हणतील. सुनेत्रा, लोकांचं मी लग्नानंतर वर्षभरातच ऐकणं बंद केलं, तेव्हा त्यांनी माझी रंगीत लुगडी काढून घेतली होती. दोऱ्याला कुठला धर्म? ज्या गुंड्यातून सत्यनारायणाच्या चौरंगाचा रुमाल निघाला, त्यातूनच तुझी बर्फाची फुलं निघाली. एवढं मात्र केलं की एकादशीला परीला हात लावला नाही. का ते विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही.

आज ट्रंक उघडली. पोपट काढले, ते जसेच्या तसे पाठवणार, झाडावर पोपट नाही बसायचा तर कुठे बसायचा? आणि सात पावलं काढली. ती मोठी होती, उशीएवढी. उसवली आणि त्याच दोऱ्यात लहान विणते आहे, बोटाच्या पेराएवढी. उसवताना वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. मग वाटलं, ट्रंकेत पडून पिवळी पडण्यापेक्षा लेकीच्या घरात लोंबली तर काय बिघडलं. तुम्ही अग्नीभोवती चालला नाहीत, हरकत नाही. झाडावर टांग आणि मनातल्या मनात एकेक पाऊल टाक. जावईबापू आले की त्यांनाही टाकायला लाव.

श्रीपादची खबर. ओव्हरटाइम सुरू आहे, रविवारीसुद्धा. तोफगोळे तपासायच्या विभागात त्याला मोठा मान आहे, त्यानं खडूनं टिक केली की साहेब पुन्हा बघत नाहीत, असं बाजूचे सांगतात. घरी आला की रेडिओ लावतो. सरहद्दीची बातमी लागली की आवाज वाढवतो, मी आले की कमी करतो. मी काही बोलत नाही. मासा गळाला तोंड लावत असला की दोरी हलवायची नसते.

पत्राचं मी एकदा काढून बघितलं. "चार ओळी लिही, तिचं पहिलंच आहे." तर उठून सायकलला तेल घालत बसला. ती सायकल आता कढईत सोडली तर तिच्या तेलात पुऱ्या तळून निघतील.

आत्या

रांझी
९ डिसेंबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

लढाई लागली. तुझी काय अवस्था असेल याचाच विचार दिवसभर करते. जावईबापूंचं पत्र येत नसेल तर घाबरू नकोस, ग्रेसी म्हणते फौजेचं टपाल अशा वेळी अडतं. तू वेळेवर जेव. दोन जिवांची आहेस. मी रोज संध्याकाळी नर्मदेला हात जोडते, तू तुमच्या येशूला जोड. दोघांनी मिळून एका माणसाकडे लक्ष ठेवायला काय हरकत आहे?

इथे संध्याकाळ झाली की भोंगा होतो आणि सगळी रांझी अंधार करते. खिडक्यांना काळा कागद चिकटवला आहे. फॅक्टरी जवळ, म्हणून जास्तच कडक. अशा अंधारात काल आपल्या घरी जो तमाशा झाला तो ऐक.

विणलेल्या वस्तू लिबलिबीत राहतात, टांगल्या की मान टाकतात. त्यांना ताठ करायला हवं. इतर बायका साबुदाण्याची खळ देतात. पण मी हलव्याचे दागिने करणारी बाई! संक्रांतीला अख्ख्या गावातल्या नव्या सुना माझ्याकडून हार आणि बाजूबंद नेतात. मी म्हटलं, खळ कसली, साखरेचा पाक देऊ, काटा येईल, बर्फासारख्या चमकतील. एकतारी पाक केला, फुलं, चांदण्या, परी, पावलं सगळं बुडवून थाळीत वाळवलं. काय दिसत होतं! ग्रेसीनं टाळ्या वाजवल्या. मी सगळं बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि श्रीपादला दिसू नये म्हणून फडताळात मागे, काडेपेट्यांच्या डब्याजवळ ठेवलं.

भोंगा झाला. दिवा गेला. श्रीपादनं चाचपडत काडेपेटीसाठी हात घातला तो नेमका माझ्या डब्यात. त्याचं झाकण मी नीट लावलेलं नव्हतं. आणि अंधारात तो असा ओरडला की बाजूच्या क्वार्टरमधून आवाज आला, "क्या हुआ भैया, बम गिरा क्या?"

मुंग्या. लाल मुंग्या. डबाभर. कोपरापर्यंत चढल्या. मी मेणबत्ती पेटवून खाटेखाली धरली तर श्रीपादच्या हातावर मुंग्या आणि मुठीत नथवाली परी.

"अक्का, हे काय करून राहिली तू?"

"रुखवत."

"कोणाचं?"

"ज्या पोरीचं राहिलं, तिचं. तिकडे झाडाला टांगतात."

मला वाटलं होतं तो डबा बाहेर भिरकावेल. मी पदर खोचून उभीच होते, भांडायची तयारी झालेली होती. त्यानं परीला फुंकर मारली, एकेक मुंगी बोटानं काढली. मग खाली पाहिलं. डब्यातली पावलं जमिनीवर सांडली होती. त्यातलं एक उचलून मेणबत्तीजवळ धरलं. ती काय आहेत ते मी सांगितलं नाही, त्यालाही विचारावं लागलं नाही. तुझ्या आईच्या रुखवतातही होती.

"साखर काहून लावली?" एवढंच म्हणाला. "टपालात सगळ्यांच्या चिठ्ठ्यांना मुंग्या लागतील ना."

मग हात धुवायला गेला.

सगळं वाया गेलं असं समज. पाक धुवून काढला तर फुलांचा चोथा झाला. नाताळ तोंडावर आला आणि मी पुन्हा साखळीपासून सुरुवात करते आहे. पण सुनेत्रा, मला आज काही केल्या वाईट वाटत नाही. तुझ्या बापाला सगळ्यांच्या चिठ्ठ्यांची काळजी पडली आहे.

आत्या

रांझी
१५ डिसेंबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

हात दुखतात, तरी लिहिते, कारण हे तुला कळलंच पाहिजे.

मुंग्यांच्या दुसऱ्याच दिवशी श्रीपाद ड्यूटीवरून आला तो सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून. पिशवीत चपडा लाख आणि स्पिरिटची बाटली. मी म्हटलं, "फॅक्टरीतून आणलं?" तर असं बघितलं की मी जीभ चावली. फॅक्टरीची टाचणी या घरात येत नाही, आणि मी हे विचारावं! गढा बाजारातल्या दुकानातून विकत आणली होती. लाकडी पेट्यांना लाखेचा हात देतात तसा दोऱ्याला द्यायचा म्हणे. ओल लागत नाही, मुंगी फिरकत नाही, लोखंडासारखं ताठ होतं. "साखर खायची वस्तू आहे अक्का, लावायची नाही," असं मला शिकवलं. मीही ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत धाकट्या भावाकडून पहिल्यांदा.

आता रोज आम्ही असे बसतो: मी विणते, तो बुडवतो, टाचण्यांनी पाटावर ताणून बसवतो, वाळवतो. लाखेनं पांढरा दोरा मधासारखा पिवळा झाला आहे. ग्रेसी आधी हिरमुसली, बर्फ कधी पिवळा असतो का म्हणून. मग उन्हात धरून बघितलं आणि म्हणाली, "आंटी, ये तो सोने का हो गया."

पण तपासनिसाबरोबर काम करणं म्हणजे काय ते मला आत्ता कळलं. चांदणी हातात घेतो, डोळा बारीक करतो. "हा कोपरा लहान आहे. रिजेक्ट." मी म्हटलं, तोफेत घालायची आहे का? झाडाला टांगायची आहे! तर म्हणतो, "टांगायची असली म्हणून काय झालं." माझ्या दोन चांदण्या बाद केल्या मेल्यानं. एक घंटा पण. मी चिडून नथवाली परी पुढे केली, म्हटलं, ही कर बाद. तिला बघून पहिल्यांदा हसला. "पास," म्हणाला.

काल संध्याकाळी अंधार झाला, आम्ही दोघं काळा कागद लावलेल्या खोलीत बसलो होतो. रेडिओ चालू होता. अचानक म्हणाला,

"त्याची तोफ कोणती?"

माझ्या हातातली सुई थांबली. वर्षभरात जावयाबद्दलचा हा पहिला शब्द. मी म्हटलं, "मला काय ठाऊक तोफ? मला सुई ठाऊक. तू लिहून विचार की."

"नाही, असंच. आमच्या इथून जातं ते कुणाकडे जातं ते आम्हाला कळत नाही." मग थोड्या वेळानं, "आजकाल मी प्रत्येक नग दोनदा बघून राहिलो अक्का. साहेब म्हणतात उशीर होतो. मी म्हटलं, होऊ दे. तिकडे पोरगं उभं असतं."

पोरगं म्हणाला. मी ऐकलं. तुला दुरून कळावं म्हणून जसंच्या तसं लिहिलं आहे, एक अक्षर माझं नाही. यावेळी खोटं नाही गं, शपथ.

पत्र मात्र अजून लिहिलेलं नाही. कागद समोर ठेवला, दौत ठेवली. "प्रिय" लिहिलं, खोडलं. "चिरंजीव" लिहिलं. मग कागदाची घडी करून पाटाखाली टेकू म्हणून दिली, पाट हलतो म्हणाला. तो माणूस वाईट नाही सुनेत्रा. त्याचा राग केव्हाच संपला आहे, पण तो संपला हे सांगायची वाट त्याला सापडत नाही.

आत्या

रांझी
२० डिसेंबर १९७१

चि. सौ. सुनेत्रा,

लढाई थांबली! रांझीत पेढे वाटले. दिवे लागले तेव्हा डोळे दिपले. तुझं कार्ड नाही, म्हणजे जावईबापूंची खबर अजून नाही असं धरते. येईल. मला आतून वाटतं आहे येईल.

आता घाईचं सांगते. वस्तू तयार झाल्या, डबा भरला, मी परवा पोस्टात घेऊन गेले. खिडकीतला बाबू म्हणाला, फौजेच्या पार्सलांचा ढीग पडला आहे, नाताळच्या आत पोचेल याची खात्री नाही, आणि वर काही ठेवलं गेलं तर जबाबदारी आमची नाही. डबा घेऊन परत आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. वयाला शोभत नाही, पण रडले. इतकं केलं आणि झाड ओकंबोकं राहणार म्हणून.

श्रीपाद जेवायला बसला होता. म्हणाला, "लाख कडक असते. दाबली तर तडकते. टपालात द्यायचीच नाही." मी म्हटलं, मग काय डोक्यावर ठेवू? त्यानं पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्याला. "माझी रजा शिल्लक आहे," म्हणाला. "मी देऊन येतो. ओट्यावर ठेवीन, लगेच परतीची गाडी धरीन. आत जाणार नाही. तसं तिला कळवून ठेव."

तर तसं कळवते आहे. २३ तारखेला इथून निघेल, कटनीला गाडी बदलून २४ला तुझ्याकडे. हे पत्र त्याच्या आधी पोचतं की त्याच गाडीच्या टपालाच्या डब्यातून येतं, देव जाणे.

सुनेत्रा, तुझी अट मी विसरलेली नाही. तू पत्र मागितलंस, पत्र त्याच्याकडून निघालं नाही. मी आणखी चार महिने मागे लागले असते तरी निघालं नसतं. तू रागावली आहेस, राग धरायचा तुझा हक्क आहे. मी तुला एवढंच सांगते की तो डबा ठेवून मागे वळला तर त्याला वळू देऊ नकोस. मग त्याच्याशी भांड, रड, काय हवं ते बोल. मला इथे काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही, म्हणून आत्तापासूनच जीव वरखाली होतो आहे.

डब्यात सगळ्यात खाली पावलं आहेत. आधी ती काढ.

आत्या

बिलासपूर
२८ डिसेंबर १९७१

ती. अक्कास,

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. एक खुशाली, दुसरी शेवटी लिहितो.

माल सुखरूप पोचला. कटनीच्या फलाटावर एकानं डब्यावर ट्रंक ठेवायला घेतली होती, अडवलं. तिथून पुढे मांडीवर. एका पोपटाची चोच हलली आहे. बाकी पास.

ओट्यावर ठेवून परतणार असं मी तुला बोललो होतो. त्याप्रमाणे ठेवला. तेवढ्यात आतून एक बाई आल्या, हात पिठाचे. "आप कौन?" म्हणाल्या. जबलपूरहून पार्सल आलं आहे असं सांगायचं मी गाडीत ठरवलं होतं. ते तोंडातून आलंच नाही. "सुनेत्रा का बाप हूँ," असं निघालं. एवढं बोललो आणि खांबाला धरलं. त्यांनी पिठाच्या हातानंच पदर डोक्यावर ओढला. "समधी जी, भीतर आइए," म्हणाल्या.

सुनेत्रा बाहेर आली. चेहरा उतरला आहे, पण तब्येत बरी म्हणते. मी म्हणालो, "अक्कानं पाठवलं आहे." तिनं विचारलं, "आणि तुम्ही?" मी डबा उचलून तिच्या हातात दिला. ती माझ्याशी त्या दिवशी फार बोलली नाही. मी गाडीची वेळ विचारली तेव्हा मात्र "गाडी गेली," म्हणाली. गेली नव्हती, मला वेळ ठाऊक होती. मी बसून राहिलो.

झाड म्हणजे सुरूची मोठी फांदी आहे, तेलाच्या डब्यात माती भरून रोवलेली. विहीणबाईंनी तुझी प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघितली. परीची नथ बघून त्यांनी शेजारणींना बोलावून आणलं. पावलं कसली ते त्यांना कळेना. सुनेत्रानं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ही तूच टांगायची. तिनं खालून वर एकेक टांगलं, मी स्टूल धरून उभा होतो. शेवटचं टांगताना ती रडली. मीही रडलो. लिहायला संकोच वाटतो, पण तुझ्यापासून काय लपवायचं.

जावयाचं कार्ड २४च्याच टपालानं आलं. सुखरूप आहे.  नाताळला त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो. विहीणबाई भेटेल त्याला सांगत होत्या, बहू के पिताजी आए हैं. मी सगळ्यांना हात जोडले.

आता दुसरी गोष्ट. बाळंतपणाला घरी चल, एवढं मला तिला म्हणायचं होतं. रोज सकाळी म्हणायचं ठरवायचो आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरायचो. काल रजा संपत आली म्हणून वाढवून मागायचा अर्ज लिहायला बसलो. कारण म्हणून "घरेलू कार्य" लिहिलं. ते खरं वाटेना. खोडलं. मग जे होतं ते लिहिलं: "मेरी पुत्री सौ. सुनेत्रा विनय मसीह को प्रथम प्रसूति हेतु मायके लाना है." लिहून झाल्यावर अर्ज तिच्यासमोर ठेवला. माझे हिंदी अर्ज पूर्वी तीच तपासून द्यायची.

तिनं वाचला. पुन्हा वाचला.  मग म्हणाली, "बाबा, रजा कधीपर्यंत पाहिजे ते लिहायचं राहिलं." मी म्हणालो, "ते मला काय ठाऊक." तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. सहा जानेवारीला झाड उतरवतात म्हणे, ते विहीणबाईंबरोबर उतरवून दुसऱ्या दिवशी निघायचं, असं म्हणाली आणि तारीख भरली.

अर्ज सोबत जोडला आहे. मिळाल्याबरोबर सेक्शनमध्ये नेऊन दे. तारीख वेगळ्या अक्षरात का, असं साहेबांनी विचारलं तर सांग, माझ्या मुलीनं लिहिली आहे.

तुझा
श्रीपाद